पडून असलेलं मशीन

इतर बायकांचे नवरे वाढदिवसाला काहीबाही विकत आणतात. तिच्या नवऱ्याने बीटा आणली.

बीटा म्हणजे काय, हे तिला लग्नानंतर वर्षभरातच पाठ झालं होतं. कॉम्प्युटर जिच्या जोरावर चालतो ती सगळी यंत्रणा नव्याने रांधायची, आणि ती पुरती शिजायच्या आत हौशी लोकांपुढे वाढायची. त्यांनी चाखून सांगायचं, इथे मीठ कमी, तिथे खडा लागला. हे लोक फुकटात चाखतात आणि वर आपल्यालाच मान मिळाल्यासारखे मिरवतात. तिचा नवरा त्यांतला मुरलेला गडी. दिवसभर कॉलेजच्या लॅबमधली मशीनं नीट करायची आणि घरी येऊन स्वतःचं धडधाकट मशीन बिघडवून बसायचं, हा त्याचा दिनक्रम. लिनक्स नावाच्या त्याच्या लाडक्या यंत्रणेची कुठलीही नवी आवृत्ती येऊ घातली, की हा आधी हजर. मग सापडलेले बिघाड बनवणाऱ्यांना कळवायचे, आणि त्यांचं उत्तर येईल म्हणून वाट बघायची. उत्तर बहुतेक वेळा यायचंच नाही. आलं तर एका ओळीत, की माहिती अपुरी आहे. त्या दिवशी जेवताना तो एक शब्द बोलायचा नाही, आणि तिला त्याची कीव यायची.

तिची दृष्टी शाळेत असतानाच गेली होती. त्याबद्दल रडून आणि रागावून झालेलं होतं, आणि आता तो विषय तिच्या दृष्टीने शिळा होता. शिळा नव्हता तो तिच्या कामाचा विषय. एका मोठ्या इस्पितळातले डॉक्टर स्कॅन पाहून रिपोर्ट तोंडी बोलून ठेवायचे, आणि ती घरी बसून ते टाइप करायची. रिपोर्ट विभागाच्या मुख्य बाईंनी तिला घेताना एकच शंका काढली होती. रुग्णांचे कागद घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडता कामा नयेत, असा नियम होता. मग हिला वाचून कोण दाखवणार? तेव्हा ती ताठ बसून म्हणाली होती, मला कुणी वाचून दाखवावं लागत नाही. मुख्य बाईंनी तिला महिनाभर पारखून घेतलं, आणि मग तातडीचे रिपोर्टसुद्धा तिच्याकडेच यायला लागले, कारण तिच्याइतकं चोख कुणाचंच नसायचं.

वाचायचं काम मास्तरांचं. मास्तर म्हणजे तिच्या कॉम्प्युटरमधला आवाज. पडद्यावर जे जे दिसेल ते तो बोलून दाखवायचा, कोरड्या, सपाट, नाकातल्या आवाजात, आणि तिने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की घरी आलेल्याला वाटावं, डब्यात खडे खुळखुळतायत. तिला मात्र त्यातला अनुस्वारसुद्धा ऐकू यायचा. नवऱ्याला मास्तरांची लाज वाटायची. मोठमोठ्या फोनमधून कसे गोड, माणसासारखे आवाज येतात आणि आपल्या घरात हे काय, असं तो म्हणायचा. गोड आवाज वेगात पळवला की त्याची पेज होते, मास्तर कितीही पळवले तरी शब्द सुटा राहतो, हे तिने त्याला अनेकदा सांगितलं होतं. पण ऐकणं हा त्याचा प्रांत नव्हता. तो बघणारा माणूस.

तर वाढदिवसाला बीटा आली. नव्या आवृत्तीत बोलणारा आवाज नवा होता, पडदा रंगवायची पद्धत नवी होती, सगळंच नवं होतं. त्याने ती आधी स्वतःच्या मशीनवर टाकून पाहिली होती आणि तिथे ती लोण्यासारखी चालली, असं तो सांगत होता. तिने विचारलं, की माझ्या कामाच्या मशीनवर कशाला, पुरती तयार झाल्यावर टाका की. तो म्हणाला, की आवाज खरा कसाला लागतो तो रोज ऐकणाऱ्याच्या मशीनवर. शिवाय तिची अनेक वर्षांची सगळी मांडामांड जशीच्या तशी नव्यात येणार होती, तिला बोटसुद्धा हलवावं लागणार नव्हतं. त्याच्या बोलण्यात इतका उत्साह होता की नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. आता मागे वळून बघताना तिला वाटतं, तिथेच आपण चुकलो. पण नवऱ्याच्या आनंदावर दर वेळी पाणी ओतणारी बाई होणं तिला आवडत नव्हतं.

मशीन चालू झालं. सुरुवातीची धून वाजली. मग एक गोड बाई दोन शब्द बोलली आणि गप्प झाली ती झालीच.

तिने सगळ्या कळा दाबून पाहिल्या. नवऱ्याने पाहिलं, तर पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं, खिडक्या उघडत होत्या, बाण फिरत होता. फक्त समोर काय आहे ते आवाजाला कळतच नव्हतं. दिसणाऱ्याला मशीन ठणठणीत, आणि तिच्या लेखी ते पाट्यावरवंट्यासारखं मुकं. तिने लगेच म्हटलं, की जुनं परत टाका. त्याने पडद्यावर आणखी दोन खिडक्या उघडून पाहिल्या. मग म्हणाला, "आता मागे नाही फिरता येत गं. एकदा वर चढलं की चढलं. पण ते लोक दोन दिवसांत दुरुस्ती पाठवतील बघ."

त्या दोन दिवसांचे किती दिवस झाले हे तिने पुढे मोजायचं सोडून दिलं.

फोन बोलत होता, पण फोनवर इस्पितळाचं काम चालत नव्हतं. नवऱ्याच्या मशीनवरही ते चालत नव्हतं, कारण इस्पितळाने परवानगी दिली होती ती फक्त तिच्या मशीनला. तिने मुख्य बाईंना काय झालं ते सांगून सुट्टी घ्यायला हवी होती. पण मशीन बोलेनासं झालं, असं एकदा सांगितलं की पुढच्या वेळी तातडीचं काम देताना त्यांचा हात अडखळणार, हे तिला माहीत होतं. डोळस टायपिस्टचं मशीन बिघडलं की मशीन बिघडतं, आंधळीचं बिघडलं की लोकांना ती आंधळी असल्याची आठवण होते. म्हणून तिने नियम मोडला. सकाळी कॉलेजला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर नवरा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागला. तो फाइल उघडून द्यायचा, डॉक्टरांचं बोलणं सुरू करायचा, ती टाइप करायची, आणि मग तो तिचंच लिहिलेलं तिला वाचून दाखवायचा. अडखळत, अवयवांच्या नावांचे लचके तोडत. अनोळखी माणसांच्या पोटातल्या गाठी त्याच्या तोंडून ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बिघाड मात्र त्याने मोठ्या इतमामाने कळवला होता. चाखणाऱ्यांच्या जगात एक रीत असते. बिघाड झालेलं मशीन बनवणाऱ्यांनी पाहून होईपर्यंत जसंच्या तसं ठेवायचं, त्यातली काडीही हलवायची नाही. तो त्याला पंचनामा म्हणायचा. आणि या वेळी नवल घडलं होतं. बनवणाऱ्यांतल्या मुख्य माणसाने स्वतः उत्तर दिलं. हा बिघाड ताज्या मशीनवर येतच नाही, जुनी मांडामांड घेऊन वर चढलेल्या मशीनवरच येतो, आणि असं मशीन जगात सध्या तुमच्याचकडे आहे, असं त्याने कळवलं होतं. नवऱ्याने ते तिला दोनदा वाचून दाखवलं, आणि ते वाचताना तो कुठेही अडखळला नाही. तिलाही त्या क्षणी बरं वाटलं. इतक्या वर्षांनी त्याला कुणी विचारलं होतं. रोज नवी चाचणी यायची, हा ती करून कळवायचा, तिकडून शाबासकी यायची. तो शीळ घालत आंघोळीला जायला लागला.

त्यात एके दिवशी नणंद आली. भाऊ वहिनीच्या शेजारी बसून वाचून दाखवतोय, हे पाहून तिला भरून आलं. "वहिनी, नशीब काढलंत हो," ती म्हणाली. "असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही." दिवा घेऊन शोधणं आपल्याला तसंही जमलं नसतं, असं वहिनीच्या ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "खरं आहे वन्सं," आणि चहा टाकायला उठली. उठताना खुर्चीला ठेचकाळली, कारण त्याची खुर्ची जिथे नको तिथे होती. स्वतःच्या घरात ती कित्येक वर्षांत ठेचकाळली नव्हती.

मग व्हायचं ते झालं. रिपोर्टच्या सुरुवातीला बाजू निवडायची एक चौकट असायची, डावी की उजवी. टाइप करायची नसे, नुसती निवडायची. डॉक्टर बोलले होते डाव्या मूत्रपिंडाबद्दल. नवऱ्याने निवडलं उजवं. त्याच वेळी मुख्य माणसाचा निरोप आला होता, याचं अर्धं चित्त तिकडे. तिने विचारलं, की बाजू बघितलीत ना. त्याने न बघताच सांगितलं, की हो, डावी. आणि रिपोर्ट गेला.

सही करताना डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. रुग्णाला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी मुख्य बाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, की अलीकडे तुमचे रिपोर्ट फक्त सकाळी आणि संध्याकाळीच येतात, मधे काहीच नाही, आणि आता ही अशी चूक, जी तुमच्या हातून कधीच होत नाही.

"मला फक्त खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हल्ली कुणी वाचून दाखवतं का?"

"नाही," ती म्हणाली. "चूक माझीच आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाईंनी सांगितलं, की सोमवारपासून फाइली पाठवणं थांबवते, पुढे काय करायचं ते ठरलं की कळवीन. त्यांनी तिला विश्रांती घ्या असंही म्हटलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

तिने नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, यात शंका नाही. दोन दिवस त्याने कुठल्याच मशीनला हात लावला नाही, जेवला नाही धड, तिच्या मागेमागे फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी मुख्य माणसाचा निरोप आला, की बिघाड सापडला, आणि त्याची भूक परत आली.

दुरुस्ती आली त्या दिवशी दुपारी त्याने रजा घेतली होती. ती टाकली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि मशीन बोललं. आधी ती गोड बाई बोलली. मग तिने कळा दाबून दाबून मास्तरांना शोधून काढलं आणि त्यांचा वेग पूर्वीइतका केला. तो खुळखुळाट ती नुसती ऐकत बसली. नवरा टाळ्या वाजवायचाच बाकी होता. तो म्हणाला, की मुख्य माणसाला आत्ताच फोन लावू या, त्याला तुझ्याशी बोलायचंय. जिला ऐकायचंय तिने स्वतः सांगितल्याशिवाय तो बिघाड मिटला असं लिहीत नाही, इतका काटेकोर माणूस आहे.

मुख्य माणसाचा आवाज तिने कल्पिला होता त्याहून थकलेला निघाला. त्याला मधूनमधून खोकला येत होता. त्याने तिला काय काय करून बघायला लावलं, प्रत्येक ठिकाणी आवाज येतो का विचारलं, आणि ती सांगत गेली. चांगला माणूस वाटला. आपण काय बनवतोय आणि ते कुणासाठी, हे त्याला कळत होतं. शेवटी तो म्हणाला, की तुमचे दोघांचेही आभार कसे मानायचे तेच कळत नाही.

"नाहीतर असे बिघाड मिळत नाहीत हो," तो म्हणाला. "मी तुमच्या मिस्टरांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, रोजच्या कामाचं मशीन नाही ना? असेल तर डिस्कची नक्कल काढून मला पाठवा आणि जुनं परत टाकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. तर ते म्हणाले, नाही, मशीन नुसतं पडून आहे, त्यावर कुणाचं काम नाही. असं मशीन हाताशी मिळणं म्हणजे आमचं नशीबच."

शेजारची खुर्ची करकरली. तो उठला की नुसता हलला, हे तिला कळलं नाही. एका परक्या माणसापुढे आपल्या घराची लक्तरं टांगायची की नाही, हे ठरवायला तिला एक श्वास पुरला. आणि तिला हेही दिसलं, की आता यात खोटं असं काही उरलेलंच नाही. सोमवारपासून त्या मशीनवर खरंच कुणाचं काम नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "पडूनच आहे."

मुख्य माणसाने आणखी एकदा आभार मानले आणि फोन ठेवला.

नवरा आधी पाणी प्याला. मग म्हणाला, मी तुला सांगणारच होतो. मग म्हणाला, की नक्कल पाठवून असे बिघाड सापडत नसतात, मशीन जिवंतच लागतं, हे त्या मुख्य माणसाला ठाऊक असूनही तो नुसता भिडेपोटी तसं म्हणाला असणार. मग त्याचा आवाज जरा चढला. जगात कुठे कुठे लोक बसलेत, तो म्हणाला, तुझ्यासारखे, ज्यांनी जुन्यावरून नवं चढवलं असतं आणि ज्यांचं मशीन असंच मुकं झालं असतं. आता त्यांतल्या एकाचंही होणार नाही. हे थोडं का आहे?

थोडं नव्हतं. हीच तर तिची पंचाईत होती. तो नुसता लबाड असता तर तिने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती. पण तो म्हणत होता ते खरं होतं, आणि त्या कुठल्या कुठल्या लोकांच्या जागी तिने स्वतःला ठेवून पाहिलं तर तिनेही त्याचे आभारच मानले असते. त्या लोकांतली एक त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती, एवढंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि त्याने बाजूला ठेवलं होतं.

"मला विचारलं असतंत तर मी थांबले असते," ती म्हणाली. "रजा टाकली असती. तुमच्यासाठी थांबले असते मी. तुम्ही मला सांगितलंत, मागे फिरताच येत नाही."

तो खोलीत इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. मग काहीतरी ठरवल्यासारखा तिच्या समोर येऊन उभा राहिला.

"मी उद्याच इस्पितळात जातो," तो म्हणाला. "बाईंना भेटून सांगतो, बाजू मी निवडली होती. तुझी काही चूक नाही."

"म्हणजे रिपोर्ट तुम्ही बघत होता, हेही सांगणार."

त्याने हातातला पेला टेबलावर ठेवला.

"आत्ता मी नुसती चुकलेली आहे," ती म्हणाली. "चुकलेल्या माणसाला कधीतरी परत बोलावतात. तुम्ही खरं सांगून आलात की मी खोटारडी ठरेन. खोटारडीला कुणी बोलावत नाही."

मग मी काय करू, असं त्याने विचारलं. त्या विचारण्यात खराखुरा कळवळा होता आणि तिला तोच सहन होईना. करण्यासारखं त्याच्यासाठी काहीच उरलं नव्हतं. ती चूक आता तिला जन्मभर स्वतःची म्हणून वागवावी लागणार होती, आणि वर त्याच्या शेजारी बसून जेवावंही लागणार होतं. तिने त्याला सांगितलं, की काही करू नका, जरा गप्प बसा.

तो बसला. थोड्या वेळाने त्याच्या खिशातला फोन वाजला, निरोप आल्यावर वाजतो तसा, एकदाच. तो हलला नाही. ती ऐकत राहिली. आता निदान एवढ्यापुरतं तरी तो तसाच बसून राहील असं तिला वाटलं, आणि मग फोन उघडल्याचा बारीकसा टक्क आवाज आला.